अमेरिकेचा ‘आधुनिक’ इतिहास 1877 पासूनच का?

प्रश्न : माझा भाचा टेक्सासला सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाला, “मावशी, इथे आम्हाला इतिहासाचाही पेपर आहे, आणि पुस्तक सुरूच होतं 1877 पासून!” अमेरिका तर 1776 मध्ये स्वतंत्र झाली. मग हे अधलेमधले साल कुठून आले? आणि इंजिनिअरिंगच्या मुलाला इतिहास कशासाठी?
— एक वाचक, खांदेश्वर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. टेक्सासचा कायदाच तसा आहे. सरकारी विद्यापीठाची पदवी हवी तर शाखा कोणतीही असो, इतिहासाचे सहा क्रेडिट, म्हणजे साधारण दोन कोर्स, करावेच लागतात. पहिला 1877 पर्यंतचा, दुसरा तिथून आजपर्यंतचा. भाच्याने दुसरा घेतलेला दिसतो. काही विद्यापीठे हीच रेघ 1865 वर ओढतात.

पहिला प्रश्न मात्र फार चांगला विचारलात. 1865 मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले. (त्याची झळ आपल्या मुंबईलाही बसली. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला होता, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तो कोसळला आणि शेअरबाजार बुडाला.) युद्धानंतर सुमारे 40 लाख गुलाम मुक्त झाले. 1865, 1868 आणि 1870 अशा तीन घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी संपवली, काळ्यांना नागरिकत्व दिले आणि वंशावरून मताधिकार नाकारायला मनाई केली. 1870 मध्येच हायरम रेव्हल्स हे मिसिसिपीतून सिनेटवर गेले. त्या सभागृहात बसलेले ते पहिले काळे सदस्य. या काळाला तिकडे ‘पुनर्रचना’ म्हणतात.

मग 1876 ची अध्यक्षीय निवडणूक आली. निकाल इतका वादग्रस्त ठरला की खास आयोग नेमावा लागला, आणि 185 विरुद्ध 184 अशा एका मताने रदरफोर्ड हेज अध्यक्ष झाले. वाद मिटला तो युद्धात हरलेल्या दक्षिणेतल्या पुढाऱ्यांशी समझोता करून. 1877 च्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलिना आणि लुइझियाना इथल्या राज्य सरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैनिक मागे घेतले गेले. कायदे पुस्तकात राहिले, ते राबवणारा हात निघून गेला. काळ्यांचे मत हळूहळू हिरावले गेले. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतले वेगळे डबेसुद्धा घटनेत बसवले. मतदानाचा हक्क खऱ्या अर्थाने हाती यायला 1965 चा कायदा यावा लागला. भाच्याचे पुस्तक नेमके या माघारीच्या सालापासून सुरू होते.

आता आपल्याकडे पाहा. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ 1873 ची. ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची आस. पुण्यात बसून हा माणूस तिकडच्या घडामोडी डोळ्यांत तेल घालून पाहत होता. पुढे माघार झाली म्हणून फुले भाबडे ठरत नाहीत. त्यांनी लिहिले तेव्हा त्या घटनादुरुस्त्यांचे वचन जिवंत होते.

त्यानंतरची साक्ष पंडिता रमाबाईंची. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या 1886 मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, दोन वर्षांहून जास्त राहिल्या आणि 1889 मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ आले. अमेरिकेचे त्यांना अपार कौतुक, तरी रंगाचा द्वेष उरला आहे हे त्यांनी झाकले नाही. भाच्याच्या अभ्यासक्रमातले पहिले दशक मराठी बाईने डोळ्यांनी पाहून मराठीत लिहून ठेवले आहे!

1913 ते 1916 बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच विद्यापीठात तेव्हा विल्यम डनिंग शिकवत. पुनर्रचना ही मोठी चूक होती, काळ्यांना मत देणे घाईचे झाले, असे मांडणारा इतिहासकारांचा पंथ त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि तेच पुढे अनेक वर्षे वर्गावर्गांत शिकवले गेले. त्याला ठाम उत्तर दिले काळे इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी, 1935 च्या ग्रंथात. याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिले. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागत होते, आणि त्या अर्जाची प्रत बाबासाहेबांना हवी होती. आज तिकडे डु बॉइस यांचीच बाजू मानली जाते.

म्हणून भाच्याला सांगा, सनावळी पाठ करून हा पेपर सुटेलही, पण हाती काही लागणार नाही. प्रत्येक प्रकरणाला दोनच गोष्टी विचार : कायद्याने काय दिले, आणि ते कुणापर्यंत पोचले? कारखाने, 1929 ची मंदी, महायुद्धे, मार्टिन ल्यूथर किंग, सगळ्याला हे प्रश्न लागू पडतात.

‘गुलामगिरी’ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’मध्ये आहे. खांदेश्वरहून पनवेल एकाच स्टेशनावर, तिथल्या वाचनालयात चौकशी करा. पुढच्या फोनवर भाच्याला ती अर्पणपत्रिका वाचून दाखवा, आणि वहीत 1877 च्या वर 1873 हे सालही लिहून घ्यायला सांगा.