लोकल, काड्या आणि पाऊस : घरच्या घरी मजेत शिकूया



आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात बऱ्याच घरांतले आई-बाबा सकाळची लोकल पकडतात आणि अंधार पडल्यावर घरी येतात. "मॅडम, अभ्यास घ्यायला वेळच मिळत नाही," हे पालकसभेत नेहमी ऐकू येतं, आणि ते खरंही आहे. मग ट्यूशन लागते, वहीभर पाढे लिहायला दिले जातात. पण १०० पर्यंत घडाघडा अंक म्हणणारं मूल, "५० रुपयांतून १८ खर्च झाले, किती उरले?" म्हटलं की गप्प होतं. पाठ झालेलं असतं, कळलेलं नसतं.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा भर यावरच आहे : तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं जमावीत. यासाठी घरून रोज १५ मिनिटं मिळाली तरी खूप झालं, तीही भाजी निवडता निवडता. पुढचे ४ खेळ बघा.

१) स्टेशनांच्या चिठ्ठ्या
कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत. ही नावं मुलांना तोंडपाठ असतात. ती चिठ्ठ्यांवर लिहा, मिसळा आणि क्रमाने लावायला सांगा. मग विचारा, अनुस्वार कुठे दिसतो? जोडाक्षर कोणत्या नावांत आहे? रफार कोणाच्या डोक्यावर? 'ळ' कुठे सापडला? व्याकरणाचा अख्खा धडा आपल्याच लाईनवर आहे! पहिलीच्या मुलाला फक्त आपलं स्टेशन ओळखू द्या.

२) काड्यांची जुडी
बरीच मुलं पस्तीस ऐकून ५३ लिहितात. हा निष्काळजीपणा नाही. 'पस्तीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र ३ आधी येतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'तीस पाच' अशी वाचनपद्धत आली, तिच्यामागे हीच अडचण होती. घरी खराट्याच्या काड्या घ्या आणि १०-१० च्या जुड्या रबराने बांधा. ३ जुड्या आणि ५ सुट्या म्हणजे ३५. शेजारी ५३ मांडा, फरक डोळ्यांना दिसतो. आता ५ जुड्यांतून १८ काड्या काढायला सांगा. एक जुडी सोडावीच लागते. वजाबाकीतलं 'हातचा घेणे' म्हणजे काय, ते इथे मुलाच्या हाताला कळतं.

३) आपला पाऊसमापक
सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबा गच्चीवर किंवा अंगणात मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी मोजा, कॅलेंडरवर मिलिमीटरमध्ये लिहा आणि डबा रिकामा करा. मोठ्या मुलांना सांगा, १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २६ जुलै २००५ ला काय झालं होतं, ते आजी-आजोबांना विचारायला लावा. मात्र उल्हास किंवा वालधुनी नदीकाठी मुलांना एकटं पाठवू नका.

४) शेजारची भाषा
फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आली, त्यातून उल्हासनगर उभं राहिलं. म्हणून तर आजही आपण कॅम्प १ ते ५ म्हणतो. शेजारच्या सिंधी आजींकडून आकडे शिका : हिकु, ब, टे, चारि, पंज. मराठीशी कोणते जुळतात ते मुलालाच शोधू द्या. तुमच्या घरात हिंदी, सिंधी किंवा तेलुगू बोलत असाल, तर वरचे खेळही बिनधास्त त्याच भाषेत खेळा. एका भाषेत कळलेली वजाबाकी दुसऱ्या भाषेतही कळते.

पालकांनो, ३ गोष्टी लक्षात ठेवा :
- उत्तर चुकलं तर लगेच खोडू नका. "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा.
- शेजारच्या मुलाशी तुलना नको.
- मूल कंटाळायच्या आत खेळ थांबवा, म्हणजे उद्या ते स्वतःच मागेल.

शिक्षक मित्रहो, याची वही तपासायला मागू नका, नाहीतर खेळाचा गृहपाठ होईल. परिपाठात २ मिनिटं "काल घरी काय मोजलंत?" एवढं विचारा. जे मूल वर्गात कधी हात वर करत नाही, तेही आपल्या घरचा पाऊस सांगायला उभं राहील.

आज घरी गेलात की एकाच खेळाने सुरुवात करा. खराटा तर घरात आहेच!