न मागता आलेला अपाचे

प्रश्न : उबुंटूवर एनजिनएक्स टाकलं, पण सुरूच होत नाही. ८० नंबरचा पोर्ट अपाचेने अडवलाय म्हणे. मी तर अपाचे टाकलाच नव्हता. तो समूळ कसा काढू?

उत्तर : तो बहुधा पीएचपीबरोबर आला. उबुंटूत नुसतं 'पीएचपी' मागितलं, की ॲप्ट सोबत अपाचेचं मॉड्यूल आणि त्यामागोमाग अपाचेही घेऊन येतं. म्हणून आधी 'पीएचपी-एफपीएम' टाका. एनजिनएक्सला तेच लागतं. ही पायरी गाळलीत, तर मॉड्यूल काढताना ॲप्ट त्याच्या जागी दुसरंच पॅकेज आणून बसवू शकतं.

मग अपाचे थांबवा आणि 'सुडो ॲप्ट पर्ज'पुढे 'अपाचे२', 'अपाचे२-बिन' आणि 'लिबअपाचे२-मॉड-पीएचपी'ची तुमची आवृत्ती द्या. नुसत्या 'रिमूव्ह'ने 'ईटीसी'तल्या सेटिंगच्या फायली मागे राहतात. 'पर्ज' त्याही पुसतं. त्यात स्वतः केलेले बदल असतील, तर आधी प्रत काढून ठेवा. काय काय निघणार याची यादी ॲप्ट दाखवतं, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. घाईत 'वाय' दाबल्यानेच हवी ती पॅकेजं जातात. उरलेल्यांसाठी 'ऑटोरिमूव्ह' आहे. तिथेही यादी वाचाच.

'व्हार'मधल्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' फोल्डरातली तुमची वेबसाइट जागच्या जागी राहते.