‘अंतर्कीलन’ : एका शब्दाची जन्मकथा

रक्ताची गुठळी मूळ जागेवरून सुटून प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि दूरच्या अरुंद रक्तवाहिनीत अडकते, त्यास वैद्यकशास्त्रात ‘एंबॉलिझम’ म्हणतात. मूळ ग्रीक ‘एंबोलोस’ म्हणजे आत ठोकलेली पाचर किंवा बूच. मराठीतील ‘अंतर्कीलन’ हा प्रतिशब्दही ‘कील’, म्हणजे खुंटी, यावरूनच घडला आहे.

ही संज्ञा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी रूढ केली. फुप्फुसात सापडणारी गुठळी बहुधा पायांच्या नीलांतून आलेली असते, हे त्यांनी दाखवून दिले. याच फिरखोंना १८४८ साली प्रशियाच्या सरकारने अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करण्यास पाठविले. तेव्हा त्यांनी उपाय सुचविले ते शिक्षण, स्वातंत्र्य आणि समृद्धी! रोग दिसतो एकीकडे, त्याचे मूळ असते दुसरीकडे; शरीराचा हा नियम त्यांना समाजातही आढळला.

अशी गुठळी मेंदूत अडकल्यास पक्षाघात होतो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे एकाएकी दिसताच अंगारेधुपारे न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. शब्दाचा अर्थ कळला, तर प्राणही वाचतो.