लेक टाहोवरील जलक्रीडा : सोलापूरहून आलेल्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा पर्वतरांगेत सुमारे १,९०० मीटर उंचीवर वसलेले लेक टाहो हे सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मराठी कुटुंबांचे उन्हाळी सहलीचे ठिकाण असून, तेथे स्थिरावलेली मंडळी नवागतांना सर्वप्रथम हे सांगतात की, विहिरीत किंवा उजनीच्या पाण्यात कमावलेले पोहण्याचे कौशल्य येथे उपयोगी पडते, परंतु एवढ्यावर विसंबता येत नाही.

पाण्याचे तापमान
सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा विहिरीचे गार पाणी सुखावते. टाहोवर मात्र ऊन चांगले तापलेले असतानाही बर्फ वितळून आलेले पाणी जूनमध्ये अतिशय थंड असते आणि ऑगस्टमध्येही पृष्ठभागाचे तापमान जेमतेम २० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा पाण्यात एकदम सूर मारल्यास ‘कोल्ड शॉक’ बसतो, म्हणजे थंडी लागताच माणूस अनावरपणे मोठा श्वास ओढतो व त्याला धाप लागते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर निष्णात पोहणाराही बुडू शकतो. हा धोका पहिल्या मिनिटाभरात सर्वाधिक असतो, तर अतिथंड पाण्यात साधारण १० मिनिटांत हातापायांतील बळ ओसरू लागते. म्हणून काठाने हळूहळू उतरावे, श्वास स्थिर होऊ द्यावा आणि किनाऱ्याला समांतर पोहावे. पाणी इतके नितळ आहे की तळ हाताशी असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तलावाची कमाल खोली सुमारे ५०० मीटर आहे.

वारा आणि नौका
२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून ६ जण मृत्युमुखी पडले, आणि २१ जून २०२५ रोजी टाहोवर अकस्मात उठलेल्या वादळात मोटरबोट उलटून ८ जणांचा बळी गेला. दोन्ही पाण्यांवर वाऱ्याचा स्वभाव असा सारखाच घातक आहे. डोंगरी तलावावर दुपारनंतर वारा बहुधा वाढतो, त्यामुळे कयाक किंवा पॅडलबोर्ड, म्हणजे उभे राहून वल्हवायची फळी, सकाळीच घ्यावी, निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा आणि ढग दाटताच परत फिरावे.

साधने व नियम
नौका चालू असताना १३ वर्षांखालील मुलांनी लाइफ जॅकेट, म्हणजे तरंगत ठेवणारे जाकीट, अंगात घालणे बंधनकारक आहे. मोठ्यांसाठीही ते सोबत असावे लागते, परंतु पाण्यात पडल्यावर ते चढवणे जवळजवळ अशक्य असल्याने सर्वांनी आधीच घालावे. भिजलेली सलवार किंवा साडी जड होऊन पायांत गुंतते, म्हणून पोहण्याचा वेश किंवा शरीराची ऊब धरून ठेवणारा वेटसूट वापरावा. तो भाड्यानेही मिळतो.

भारतातून आलेले आई-वडील
गार पाण्याच्या अचानक स्पर्शाने नाडी व रक्तदाब झपाट्याने वाढतात, त्यामुळे हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांना आग्रहाने पाण्यात उतरवू नये. त्यांना किनाऱ्यावर सावलीत बसवावे आणि उंचीवर ऊन अधिक प्रखर असल्याने टोपी व भरपूर पाणी द्यावे. मुले पाण्यात असेपर्यंत एका मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून केवळ त्यांच्याकडेच पाहावे, आणि संकट येताच ९११ या क्रमांकावर मदत मागावी.