पाण्यावर चालणारा गारवा: पहिल्या जोडणीसाठी भाग निवडताना

पाण्याने थंड होणाऱ्या संगणकात पाण्याचे काम हमालीचे असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरची उष्णता उचलायची, रेडिएटरपर्यंत न्यायची आणि तिथे उतरवायची. रेडिएटरवरचे पंखे ती पुढे खोलीच्या हवेत सोडतात. या फेरीसाठी वॉटर ब्लॉक, रेडिएटर, पंप, टाकी, फिटिंग्ज, ट्यूब आणि कूलंट एवढे भाग लागतात. हे सगळे भाग सुटे मिळतात, त्यामुळे ते सुटे सुटेच निवडायचे असतात असा समज होतो आणि पहिल्या जोडणीतले बहुतेक नुकसान या समजातून होते. रेडिएटरचा धातू ब्लॉकचा धातू ठरवतो, ट्यूबची जाडी फिटिंग ठरवते, कार्डाचे मॉडेल ब्लॉक ठरवते. म्हणून खरेदीला क्रम असतो आणि तो उष्णतेपासून सुरू होतो.

प्रस्तुत लेखकाची पहिली जोडणी गिरगावातल्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत झाली, आणि ती नेमकी उलट्या क्रमाने झाली. आधी दिवे असलेली टाकी आणि रंगीत कूलंट घेतले, मग स्वस्तात मिळाला म्हणून २४० मिलिमीटरचा रेडिएटर, मग ब्लॉक, आणि सर्वांत शेवटी हे सगळे कॅबिनेटमध्ये बसते का याचा विचार. चाळीपासून लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे चूक झाली की पुन्हा एक फेरी मारायची, असे आठवडाभर चालले. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनावर उतरणारा आजही लॅमिंग्टन रोडच विचारतो. तिथे प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएमपीएस, पंखे आणि तयार बंद कूलर सहज मिळतात. सुट्या जोडणीचे भाग मात्र काउंटरवर क्वचितच मांडलेले दिसतात. ते बहुधा मागवावे लागतात. मागवलेला भाग चुकीचा निघाला तर तो परत करण्यात महिना जातो, म्हणून कागदावरची तयारी इथे इतर कोणत्याही खरेदीपेक्षा जास्त लागते.

पहिला हिशेब वॉटचा. खोक्यावरचा आकडा इथे पुरत नाही. रायझन ९ ५९००एक्सवर १०५ वॉट लिहिलेले असते, पण पूर्ण भारात तो १४२ वॉटपर्यंत वीज घेतो. इंटेलच्या आय९-१३९००केवर मूळ आकडा १२५ वॉटचा आहे आणि कमाल आकडा २५३ वॉटचा. आरटीएक्स ३०८० कार्ड ३२० वॉटचे, आरटीएक्स ४०९० हे ४५० वॉटचे. लेखकाच्या यंत्रात ५९००एक्स आणि ३०८० होते, म्हणजे सुमारे ४६० वॉट. जुन्या काळचे शंभर वॉटचे साडेचार बल्ब खोलीत सतत पेटते ठेवावेत, तेवढी ही उष्णता.

ती जाते कुठे, हा प्रश्न मुंबईतल्या छोट्या घरात फार महत्त्वाचा आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली मूळ खोली १६० चौरस फुटांची. गिरगाव, लालबागच्या खोल्याही फार मोठ्या नाहीत. रेडिएटर कितीही मोठा असला तरी पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात दुपारी खोलीत ३३ अंश असतील आणि पाणी हवेपेक्षा १० अंशांनी वर राहत असेल, तर पाणी ४३ अंशांवर स्थिरावते आणि चिपचे तापमान त्याच्याही बरेच वर असते. दार-खिडकी बंद करून तासभर खेळले की खोलीची हवाच तापते आणि त्याबरोबर पाणीही चढते. थंड प्रदेशातल्या लोकांनी दिलेले तापमानाचे आकडे पाहून इथला रेडिएटर निवडला की तो कमी पडणारच. पाणी हवेपेक्षा थंड होत नसल्याचा एक फायदाही आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेतही नळ्यांवर दव जमत नाही. दवाची भीती असते ती पाणी मुद्दाम हवेखाली थंड करणाऱ्या चिलरच्या जोडणीत, आणि पहिल्या जोडणीत चिलर घेऊच नये.

रेडिएटरचा ठोकताळा असा: पंखे मध्यम वेगाने फिरत असताना आणि पाणी हवेपेक्षा १० अंशांनी वर असताना, १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढी जागा साधारण १०० वॉट बाहेर टाकते. या हिशेबाने ४६० वॉटला पाच पंख्यांची जागा हवी, म्हणजे ३६० आणि २४० असे दोन रेडिएटर. लेखकाने घेतलेल्या एका २४०च्या रेडिएटरवर पंखे पूर्ण वेगाने ओरडत राहिले आणि हवेच्या साध्या कूलरपेक्षा हाती काही जास्त लागले नाही. एवढी जागा हवी हे एकदा कळले की कॅबिनेट ठरते. तिथे रेडिएटरची लांबी बघून भागत नाही. दोन्ही टोकांचे कप्पे धरून ३६०चा रेडिएटर ३९० ते ४०० मिलिमीटर भरतो, आणि जाडीत पंख्याचे २५ मिलिमीटर मिळवावे लागतात. वरच्या बाजूला तो मेमरीच्या पट्ट्यांवर आदळतो का, हे टेप लावून मोजावे. आणखी एक गोष्ट लालबाग-परळच्या वाचकांसाठी. गिरण्यांच्या जागी आणि चाळींच्या पुनर्विकासात वर्षानुवर्षे बांधकाम चालू असल्याने तिथे धूळ बारीक आणि सतत असते. दाट पात्यांचा रेडिएटर तिथे लवकर बुजतो. विरळ पात्यांचा घ्यावा आणि पुढे काढता येणारी जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे.

यानंतर धातू, आणि हीच लेखकाची सर्वांत महाग चूक. स्वस्त रेडिएटर ॲल्युमिनियमचा होता आणि ब्लॉक तांब्याचा. हे दोन धातू एकाच पाण्यात, एकाच फेरीत आले की एक छोटी बॅटरी तयार होते. प्रमाण विभवांच्या तक्त्यात तांबे अधिक ०.३४ व्होल्टवर आहे आणि ॲल्युमिनियम उणे १.६६ व्होल्टवर. एवढ्या अंतरामुळे ॲल्युमिनियम हळूहळू विरघळू लागते. सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. लेखकाच्या यंत्रात चौथ्या महिन्यात तापमान दोन-दोन अंशांनी चढू लागले. आधी पंख्यांवर संशय गेला, मग थर्मल पेस्टवर. शेवटी ब्लॉक उघडला, तेव्हा त्याच्या केसाएवढ्या बारीक खाचांत पांढरट, पेजेसारखा गाळ बसला होता. तो ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड. रेडिएटरच्या आत खड्डे पडले होते; आणखी काही महिन्यांत तो गळलाच असता, आणि गळला असता तो थेट कार्डावर.

गंजरोधक मिसळलेले कूलंट ही क्रिया मंद करते, थांबवत नाही. म्हणून नियम सरळ आहे: पाण्याला लागणारा प्रत्येक भाग तांबे, पितळ किंवा निकेलचा मुलामा दिलेले तांबे यांचाच असावा. गाडीच्या इंजिनात वेगवेगळे धातू एकत्र चालतात कारण तिथले कूलंट त्यासाठीच बनवलेले असते आणि ठरावीक मुदतीने बदलले जाते. त्या उदाहरणावर विसंबू नये. दुकानात विचारताना ‘कॉपर आहे का’ एवढेच विचारले तर होकार मिळतो, कारण ब्लॉकचा तळ तांब्याचा असतोच. विचारायचे ते रेडिएटरच्या आतल्या नळ्या आणि टोकाचे कप्पे कशाचे आहेत, आणि ब्लॉकचे झाकण कशाचे आहे. उत्तर लेखी मिळत नसेल तर भाग घेऊ नये. हातात घेतला की वजनानेही फरक कळतो. तांबे-पितळेचा रेडिएटर चांगलाच जड लागतो.

प्रोसेसरच्या ब्लॉकला सॉकेट जुळले की काम होते. एएम४साठीचे बहुतेक ब्लॉक मदरबोर्डाची मूळ मागची पट्टी वापरत असतील तर एएम५वरही बसतात. इंटेलच्या एलजीए १७००ला मात्र वेगळी पट्टी लागते. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक ही वेगळी गोष्ट आहे. तो चिपसाठी नसतो, त्या कार्डाच्या पूर्ण पाटीसाठी, म्हणजे सर्किट बोर्डासाठी असतो. ३०८० नावाची कार्डे अनेक कंपन्यांनी वेगवेगळ्या पाट्यांवर बनवली आणि एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही कॉइल आणि कपॅसिटर यांच्या जागा बदलल्या. म्हणून कार्डाच्या मागच्या लेबलावरचे पूर्ण मॉडेल आणि आवृत्ती ब्लॉकच्या यादीत अक्षर न् अक्षर सापडली पाहिजे. जुने कार्ड वापरात असेल तर त्याचा ब्लॉक आजही मिळतो का हे आधी पाहावे. कधी कधी मिळत नाही, आणि मग त्या कार्डाला हवेवरच राहू द्यावे.

पंपाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डी५ किंवा डीडीसी या दोन प्रकारांतला, टाकीसह एकत्र आलेला पंप पहिल्या जोडणीला पुरतो. डी५ शांत असतो, डीडीसीचा दाब जास्त असतो. क्रॉफर्ड मार्केटमध्ये माशांच्या टाक्यांसाठी मिळणारा २३० व्होल्टचा पंप यासाठी वापरू नये. टाकी नेहमी पंपाच्या वर असावी, कारण पंपाला वंगण पाण्याचेच मिळते आणि काही सेकंद कोरडा चालला तरी त्याचे बेअरिंग दुखावते. भाग कोणत्या क्रमाने जोडावेत, आधी प्रोसेसर की आधी कार्ड, यावर नवखे लोक फार डोके शिणवतात. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल तर ४६० वॉटमुळे ते पूर्ण फेरीत दीड-पावणेदोन अंशच तापते. नळ्या जिथून सुटसुटीत जातील तो क्रम बरोबर.

फिटिंग्जवर मात्र वेळ द्यावा. संगणकाच्या ब्लॉकांत जी १/४ हा आटा असतो. तो सरळ असतो, इंचाला १९ फेऱ्यांचा, आणि पाणी अडवण्याचे काम आटा करत नाही, त्याच्या बुडाशी बसलेली रबरी ओ-रिंग करते. नागदेवी स्ट्रीटवर पाव इंची पितळी फिटिंग्जचे डबेच्या डबे मिळतात आणि तीही ‘पाव इंच बीएसपी’ म्हणूनच विकली जातात. त्यांतली बरीच निमुळत्या आट्याची असतात, जी टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट आवळायची असतात. पैसे वाचवायला लेखकाने अशी सहा फिटिंग्ज घेतली. पहिले ॲक्रिलिकच्या टाकीत आवळताना टाकीला छिद्राजवळ बारीक तडा गेला. फिटिंगमध्ये वाचलेल्या पैशांच्या कित्येक पट टाकीत गेले. या जोडणीची फिटिंग्ज याच कामासाठी बनवलेली घ्यावीत, ओ-रिंगसह, आणि हाताने आवळून थांबावे. पाना लावू नये.

ट्यूबचे दोन आकडे असतात, आतला आणि बाहेरचा व्यास. १०/१३ आणि १०/१६ दोन्हींत आतला व्यास १० मिलिमीटरच आहे, पण एकाची कॉम्प्रेशन फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. ताठ नळ्या सुंदर दिसतात. त्या हीट गनने वाकवायच्या असतात आणि पहिल्याच प्रयत्नात निम्म्या वाया जातात. पीईटीजी वाकवायला सोपी, पण उष्णतेने ॲक्रिलिकच्या आधी मऊ पडते, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी आधीच चाळिशीच्या पुढे असते. पहिल्या जोडणीला मऊ नळीच घ्यावी, आणि तीही काळी ईपीडीएम रबराची. पारदर्शक पीव्हीसी नळीतला मऊपणा देणारा द्रव कालांतराने पाण्यात उतरतो, नळी दुधाळ होते आणि तो चिकट थर ब्लॉकच्या खाचांत बसतो. लेखकाला हे कळले तेव्हा गाळाचा दुसरा स्रोतही सापडला.

कूलंट म्हणजे मुळात शुद्ध पाणी, जंतुरोधक आणि गंजरोधक. मुंबईचे नळाचे पाणी तानसा-वैतरणासारख्या तलावांतले, पावसाचे, म्हणून बरेच मऊ असते. तरीही त्यात क्लोरीन आणि क्षार असतात, ते वापरू नये. बॅटरीचे पाणी म्हणून जे विकले जाते त्याची शुद्धता दुकानागणिक बदलते. कंपनीचे तयार, पारदर्शक कूलंट सर्वांत निर्धोक. दुधी रंगाच्या कूलंटमध्ये रंगाचे कण तरंगत असतात. ते खाली बसतात, त्यामुळे रोजच्या वापराच्या यंत्रात त्याला जागा नाही. निकेलच्या मुलाम्याबरोबर चांदीचे जंतुरोधक वेटोळे टाकण्याचा जुना सल्लाही सोडून द्यावा, कारण तिथेही दोन धातूंचा तोच झगडा सुरू होतो.

भरणी करताना मदरबोर्डाला आणि कार्डाला वीज देऊ नये. आधी छोट्या हवेच्या पंपाने अर्ध्या बारपर्यंत दाब भरून काटा अर्धा तास पाहावा. काटा उतरला नाही तर कूलंट ओतावे आणि वेगळ्या एसएमपीएसवर फक्त पंप चालवून, सांध्यांखाली कोरडे टिश्यू पेपर ठेवून, किमान १२ तास फिरू द्यावे. जुन्या चाळीत अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. अनेक खोल्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या छिद्रामागे तार नसते. पाणी आणि वीज एका डब्यात ठेवणाऱ्याने ही तपासणी भागांच्या खरेदीआधीच करावी.

यादीतून हमखास सुटणारा भाग म्हणजे निचऱ्याची तोटी. फेरीच्या सर्वांत खालच्या जागी टी-फिटिंग आणि छोटी बॉल व्हॉल्व्ह बसवलेली असली की वर्षातून एकदा कूलंट बदलणे तासाभराचे काम होते. लेखकाच्या पहिल्या जोडणीत ती नव्हती, त्यामुळे सगळे यंत्र मोरीत नेऊन तिरके करून पाणी काढावे लागले. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, हात पोहोचेल आणि खाली बादली राहील एवढ्या उंचीवर तोटी घ्यावी. काढलेले कूलंट घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून त्यावर नाव लिहावे आणि मुलांच्या व मांजरांच्या तोंडी लागणार नाही असे ठेवावे, कारण अनेक कूलंटमध्ये ग्लायकॉल असते आणि इथिलीन ग्लायकॉल गोड पण विषारी असते.