१२८ बाइटमधला भूलभुलैया

मोबाईलवर एक-दोन जीबीचे गेम सहज उतरवणाऱ्या आपल्याला १२८ बाइट म्हणजे किती, याची कल्पना येणं कठीण आहे. या लेखाचं हे पहिलं वाक्यसुद्धा तेवढ्यात मावणार नाही! १९७७ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या 'अटारी २६००' या घरगुती गेम-यंत्राची रॅम मात्र एवढीच होती. १९८२ साली यू. एस. गेम्स या कंपनीने त्यावर 'एन्टूम्ड', म्हणजे 'थडग्यात गाडला गेलेला', हा गेम आणला.

गेम साधा. जमिनीखालच्या कबरीच्या बोळांतून खेळाडूने खाली खाली जायचं. भिंती सतत वर सरकत असतात आणि वाटेत झॉम्बी फिरतात. कुठे अडकलात की पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत ढकलले जाता आणि खेळ खलास! भिंत फोडायला 'मेक-ब्रेक' नावाची वस्तू तेवढी वाटेत मिळते.

आता खरा प्रश्न. हा न संपणारा भूलभुलैया साठवायचा कुठे? उत्तर असं, की साठवायचाच नाही! लागेल तशी एकेक ओळ तयार करायची.

पद्धत अशी:

१) पडद्याचा डावा अर्धा भागच बनवायचा, उजवा म्हणजे त्याचं आरशातलं प्रतिबिंब. अर्ध्या ओळीत ८ घरं. भिंत म्हणजे १, वाट म्हणजे ०. म्हणजे हिशेबाने फक्त १ बाइट.

२) नवीन घर ठरवताना ५ शेजारी बघायचे: त्याच ओळीतली डावीकडची २ आणि वरच्या ओळीतली ३.

३) ५ बिट म्हणजे ३२ शक्यता. प्रत्येकीसाठी तक्त्यात एक उत्तर: भिंत, वाट किंवा 'काहीही चालेल'. तिसरं उत्तर आलं तर रँडम बिट घ्यायचा.

गंमत पुढेच आहे. असे तक्ते एकूण ३ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे १८५३ लाख कोटी होऊ शकतात. मग नेमका हाच का निवडला? २०१८ साली जॉन आयकॉक आणि तारा कॉपलस्टोन या संशोधकांनी गेमचा मशीन कोड उलगडला. पद्धत समजली, पण तक्त्यामागचं तर्कशास्त्र काही सापडेना. गेमचे प्रोग्रामर स्टीव्हन सिडली यांची आठवण अशी, की हा भाग एका सहकाऱ्याने नशेत लिहिला होता. झालं, ही चटकदार गोष्टच जगभर पसरली.

पण २०२२ साली आयकॉक यांनी सहकाऱ्यांसह हा विषय पुन्हा तपासला. या वेळी पॉल अॅलन न्यूवेल स्वतः सहलेखक होते. भूलभुलैयाची ही पद्धत त्यांची आणि डंकन म्युअरहेड यांची. म्हणजे इतकी वर्षं काम यांचं आणि नाव एका निनावी दारुड्याचं!

आपण यातून काय घ्यायचं? मेमरी कमी असली तरी काम अडत नाही, हे तर आहेच. पण कोडमध्ये 'काय' लिहिलंय ते मशीन कोडवरून चाळीस वर्षांनीही काढता येतं. 'का' लिहिलं ते नाही. तेव्हा प्रोजेक्ट सबमिट करताना दोन ओळींची कॉमेंट आणि काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहायला आळस करू नका.

जाता जाता एक गृहपाठ: ग्राफ पेपर, पेन्सिल आणि एक नाणं घ्या. ३२ ओळींचा स्वतःचा तक्ता बनवा, 'काहीही चालेल' आलं की नाणं उडवा. वाट बंद झाली तर कुठली नोंद बदलायची ते शोधा. आणि ती का बदलली, तेही शेजारी लिहून ठेवा!