कच्चं लिंबू



आमच्या शाळेशेजारी अंगणवाडी आहे. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी चौथीची मुले तिथल्या लहान मुलांना खेळवतात. सोपे काम वाटते ना? मलाही वाटले होते.

आधी अंगणवाडीची माहिती सांगतो. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी गावी गरीब मुलांसाठी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पण पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कोणाला गुरे राखायची असत. मग बाईच पाड्यावर जाऊन त्यांच्या अंगणात शिकवू लागल्या. म्हणून ती अंगणवाडी! महागडी खेळणी न आणता शंख-शिंपले, बिया, पाने यांनीच मुले खेळत. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. सरकारची बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी म्हणतात.

आता आमचा अनुभव. पहिल्या शनिवारी मी ‘शिवाजी म्हणतो’ खेळ घेतला. चुकला की बाद. सगळ्यांत लहान मुलेच आधी बाद झाली आणि नुसती बसून राहिली. ज्यांना खेळ शिकायचा होता त्यांनाच सर्वांत कमी खेळायला मिळाले. दोघे एकमेकांवर वाळू उडवू लागले. बाई म्हणाल्या, “बसलेला मुलगा भांडणारच. कोणी बाद होत नाही असा खेळ शोध.”

मग विषामृत घेतले. राज्य असलेल्याने शिवले की विष, खाली बसायचे. दुसऱ्या गड्याने हात लावला की अमृत, परत पळायचे. ह्यात एक गंमत आहे. सोडवायला कोणीतरी यावे लागते, म्हणून लहान मुले एकमेकांना नावाने हाका मारू लागली. आधी नुसते “ए, ए” करायची.

माझा धाकटा भाऊपण अंगणवाडीत आहे. तो चार वर्षांचा. पडेल म्हणून मी त्याला कच्चं लिंबू केले. म्हणजे त्याने पळायचे, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. मला वाटले, मी त्याची काळजी घेतली. थोड्या वेळाने तो सुरूच्या झाडाखाली जाऊन बसला. “माका नाय खेळूचा,” म्हणाला. मी विचारले, का? तर रडत म्हणाला, “माका कोण धरीतच नाय!” पुढच्या शनिवारी तो आलाच नाही, आईच्या पदराला धरून घरी राहिला. मला फार वाईट वाटले. चूक माझी होती.

त्याला परत आणायला आम्ही रापण खेळलो. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात ती सर्वांनी बघितली आहे. दोन बाजूंना दोन दोर, आणि दोन्हीकडची माणसे बरोबरीने ओढतात. एकीकडून घाई केली तर जाळे वाकडे येते. आम्ही फाटक्या जाळ्याच्या तुकड्यात सुरूची सतरा फळे ठेवली. तीच मासळी. भावाला दोराच्या टोकाला उभे केले आणि “होऽ” म्हणायचे काम दिले. तो म्हणेल तेव्हाच ओढायचे. दांडगी मुलेसुद्धा त्याच्या तोंडाकडे बघत थांबली.

वाटणीला मात्र भांडण झालेच. मी वाटली तर सगळे माझ्यावरच ओरडले. मग बाईंनी नियम सांगितला, जो वाटील त्याने आपला वाटा सर्वांत शेवटी घ्यायचा. पाच मुले होती. प्रत्येकी तीन आली, दोन उरली. उरलेली कोणाला, हे त्यांनीच ठरवले. “देवाक!” मी काही बोललो नाही.

आता भाऊ कच्चं लिंबू नाही. गेल्या शनिवारी त्याच्यावर राज्य आले. तो दोनदा पडला, गुडघा खरचटला, पण उठला. आणि सगळ्यांना सोडून पहिले विष त्याने मलाच दिले.